एकसष्टाव्या किलोमीटरची वेस

सकाळी आठ वाजून दहा मिनिटं झाली की कांचन पासलकर स्टिअरिंगवर सरसावून बसायची. तोवर तिची पिवळी गाडी एकसष्टावा किलोमीटर ओलांडून पुढे आलेली असायची. समोर रस्ता मोकळा, काटा बहात्तरवर स्थिर. तरी तिचे डोळे आरशाकडे जायचे. आरशात आधी काहीच नसायचं. मग मागच्या गाड्या लहान लहान होत जायच्या, जणू कुणी त्यांना दोरी बांधून मागे ओढत होतं.

"कांचनताई, मागे लाट उठली," नियंत्रण कक्षातून फर्झाना मुजावरचा आवाज आला. "एकसष्टलाच. आजही."

"माझा काटा बहात्तरवरच आहे, मॅडम."

"दिसतंय मला. म्हणून तर कळत नाही."

कांचन संथगाडी चालवायची. पुण्याभोवतीच्या रिंगरोडवर प्रत्येक पदरात दर दोन किलोमीटरला अशी एक पिवळी गाडी असायची. तिच्यात ना माल, ना प्रवासी. काम एकच: कक्षातून येईल त्या वेगाने जायचं, पुढे भरपूर अंतर सोडायचं आणि शक्यतो ब्रेकला पाय लावायचा नाही. मोटरसायकलवाली पोरं बाजूने जाताना ओरडायची, "काय गं गोगलगाय, मीठ टाकू का?"

"टाक, पण आधी हेल्मेट घाल," कांचन काच खाली करून म्हणायची.

पोरांना वाटायचं, या गाड्यांमुळे रस्ता तुंबतो. खरं उलटं होतं. गाड्या दाटीने धावत असल्या की एखादा उगीचच ब्रेकला पाय लावतो. त्याच्या मागचा दचकून जरा जास्त दाबतो, त्याच्या मागचा आणखी जास्त. पंधरावा-विसावा तर जागेवर उभाच राहतो. पुढचे सुटत जातात, पण उभं राहण्याची पाळी मागे मागे सरकत जाते, घोडा दुडक्या चालीने जाईल तेवढ्या वेगाने. अपघात नाही, खड्डा नाही, तरी दहा किलोमीटर गाड्या उभ्या. ज्याच्या पायाने हे झालं तो एव्हाना घरी पोहोचून चहा पीत असतो. संथगाडी ही लाट गिळते. तिच्यापुढे मोकळी जागा असते, म्हणून लाट तिच्यापर्यंत आली तरी तिला थांबावं लागत नाही. ती थांबली नाही म्हणजे तिच्या मागचेही थांबत नाहीत.

हे काम बिनचालकाच्या गाडीलाही जमलं असतं. पण रस्त्यासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या गावांशी करार झाला होता की घरटी एक नोकरी द्यायची. आंबेटेक गाव तर अख्खंच रस्त्याखाली गेलं होतं. तिथल्या अडतीस घरांची अडतीस माणसं संथगाड्यांवर लागली. कांचनच्या घरातून कांचन, कारण तिचा नवरा आधीच वारला होता आणि ट्रॅक्टर तीच चालवायची. दिराच्या घरातून दीर, विलास.

चार वर्षं सगळं सुरळीत चाललं. गेल्या दिवाळीपासून मात्र रस्त्यावर गाड्या इतक्या वाढल्या की काठोकाठ भरलेली घागर डोक्यावर घेऊन चालावं तसं झालं. कक्षाने संथगाड्यांपुढची मोकळी जागा निम्म्यावर आणली. आणि तेव्हापासून रोज सकाळी एकसष्टाव्या किलोमीटरवर लाट उठायला लागली.

त्या बुधवारी पाळी संपल्यावर फर्झानाने आंबेटेकच्या चालकांना कक्षात बोलावलं. ती मिरजेची, तिशीतली, सडसडीत. भिंतीवरच्या पडद्यावर रस्त्याचं वर्तुळ दिसत होतं आणि त्यावर एके ठिकाणी लाल डाग.

"उतार मोजला," ती म्हणाली. "वळण तपासलं, वारा तपासला, उन्हाची तिरीप डोळ्यावर येते का ते पाहिलं. तिथे काही नाही. साधा पूलही नाही. वरच्यांनी आठ दिवस दिलेत. तेवढ्यात कारण सापडलं नाही, तर सगळ्या संथगाड्या बिनचालकाच्या करणार. करारात तशी सोय आहे म्हणे."

 विलासने विचारलं, "म्हणजे आम्ही घरी?"

"मी प्रयत्न करतेय, विलासदादा. सोमवारपासून गाड्यांमध्ये पायाखाली एक पट्टी बसवणार आहोत. पेडलवर किती दाब पडतो ते ती केसाच्या टोकाएवढं नेमकं सांगते. पहिली कांचनताईंच्या गाडीत बसवू. त्या सगळ्यांत नीट चालवतात."

"वा! बक्षीस मिळालं, वहिनी," विलास म्हणाला. बाकीचे हसले. कांचनला हसू आलं नाही. का आलं नाही, ते तिला तेव्हा कळलं नाही.

कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी. एकसष्टावा किलोमीटर जवळ आला तशी ती स्वतःकडेच लक्ष देऊन बसली. हात जागेवर, नजर समोर. आणि तिने पाहिलं, की तिचा उजवा पाय पेडलवरून बोटभर उचलला गेला आणि पुन्हा टेकला. डोळ्याचं पातं लवावं इतकंच. काटा बहात्तरवरून सत्तरवर आला आणि परत चढला, कक्षाच्या पडद्यावर उमटायच्या आतच.

आरशात मागच्या गाड्या लहान व्हायला लागल्या.

इथे आंबेटेकची वेस होती. पिंपरणीच्या झाडाखाली शेंदूर लावलेला म्हसोबाचा दगड होता. गावात कुणी बैलगाडी दामटत वेशीतून नेली नाही. नेणाऱ्याने कासरा ओढायचा, बैलांना पावलावर आणायचं, मग पुढे. बैल गेले, जीप आली, ट्रॅक्टर आले, पण रीत तीच राहिली. लग्न होऊन आल्यावर सासऱ्यांनी तिला ट्रॅक्टर शिकवला तेव्हा पहिली गोष्ट सांगितली होती, "इथे पाय उचलायचा, पोरी. वेशीवर दांडगाई करायची नाही."

रस्ता झाला तेव्हा म्हसोबा वाजतगाजत नव्या वसाहतीत नेला. झाड तोडलं. आता तिथे आठ पदरी डांबर होतं आणि दोन्ही बाजूंना पत्र्याचे कठडे. खूण म्हणून साधा दगड उरला नव्हता. पण देव उठवून नेला तरी वेस थोडीच उठते! अडतीस जणांचे पाय तिथे उचलले जात होते, रोज, प्रत्येक फेरीला. पुढची जागा मोठी होती तोवर ते खपून गेलं. आता घागर काठोकाठ भरली होती.

संध्याकाळी ती विलासच्या घरी गेली. भिंतीला भिंत लागून घरं. विलास ओट्यावर शेंगा फोडत बसला होता. तिने सगळं सांगितलं.  ऐकून झाल्यावर त्याने हातातली टरफलं खाली टाकली.

"तुझाही उचलतो?" तिने विचारलं.

"विचारते काय? बापाने थोबाडीत देऊन शिकवलंय."

"मग मॅडमना सांगू या."

"काय सांगणार? आमच्या पायांनी तुमचा रस्ता अडवला? करारात काय लिहिलंय ठाऊक आहे ना? चालकाच्या चुकीने कोंडी झाली तर नोकरी गेली. अडतीस जणांची, वहिनी!" त्याने आवाज खाली आणला. "पाय नाही उचलायचा. सोमवारपासून कुणीच नाही. संपलं."

"तुला जमेल?"

विलासने आणखी एक शेंग फोडली. मग म्हणाला, "देवाला विचारून घेऊ. त्याने सोडलं की पाय आपोआप ऐकेल."

रविवारी सकाळी वसाहतीतल्या देवळात कौल लावायचं ठरलं. म्हसोबाची पूजा बबननाना कोंडे करायचे. ऐंशीच्या घरातला माणूस, कानाने अधू, पण जीभ तिखट. देऊळ सरकारी नकाशातलं, फरशीचं, वर पत्रा. नानांनी दगडाच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"नीट विचारा, नाना," विलास म्हणाला. "उगाच दुसरंच विचाराल."

"बहिरा मी आहे, देव नव्हे," नाना म्हणाले. मग हात जोडून बोलले, "देवा म्हसोबा, लेकरांची रोजीरोटी आहे. जुन्या वेशीवरून तुझी लेकरं पाय न उचलता गेली, तर चालेल का? राग धरू नकोस."

अडतीस घरांतली माणसं दाटीने उभी होती. कळ्या ओल्या होत्या, बराच वेळ हलल्या नाहीत. बाहेर कुणाचं तरी पोर रडत होतं, त्याला त्याच्या आईने पदराखाली घेतलं. मग डावी कळी सुटली आणि फरशीवर पडली.

 विलास पुढे झाला. "वारा आला असेल. पुन्हा लावा, नाना."

"देव म्हणजे काय तुझा मोबाइल आहे, लागला नाही की पुन्हा लावायला?" नाना म्हणाले आणि पडलेली कळी उचलून त्यांनी देवापाशी ठेवली. "तुम्ही करायचं ते करा. दोष माझ्या माथी घेतो मी. माझे दिवस तसेही थोडेच राहिलेत."

कांचनला वाटलं, दोष असा वाटून घेता आला असता तर किती बरं झालं असतं.

सोमवारी तिच्या गाडीत पट्टी बसवली. काळी, पातळ, पेडलला चिकटलेली, नीट पाहिलं नाही तर दिसायचीही नाही. अठ्ठावनपासून कांचनचे दात एकमेकांवर घट्ट बसले. एकोणसाठ. साठ. 'पाय उचलायचा नाही' असं मनात म्हणता म्हणता पायच दगडासारखा झाला. पेडल जरा जास्त दाबलं गेलं. काटा चौऱ्याहत्तर, मग घाबरून एकोणसत्तर, मग त्र्याहत्तर. एकसष्टावा किलोमीटर कधी गेला ते तिला कळलंही नाही. पाय उचलला नव्हता. तिला वाटलं, आपण जिंकलो.

आरसा पाहिला. मागच्या गाड्या आज हळूहळू लहान झाल्या नाहीत, एकदम ठिपके झाल्या. त्या जागेवरच थांबल्या होत्या.

विलास तिच्या मागच्या गाडीत होता. त्याचंही तेच झालं असणार, आणि त्याच्या मागच्याचंही. अर्धा क्षण पाय उचलण्याऐवजी अडतीस माणसं दोन-दोन किलोमीटर थरथरत गेली होती.

वर्तुळाला शेवट नसतो हे कांचनला त्या दिवशी पहिल्यांदा उमगलं. सव्वादोन तासांत ती रिंगरोडची पूर्ण फेरी मारून पुन्हा तिथेच आली आणि स्वतःच लावलेल्या कोंडीच्या शेपटात अडकली. पन्नासाव्या किलोमीटरलाच सगळं उभं. ऊन चढलं होतं. शेजारच्या पदरात कोंबडीच्या पिल्लांचा टेम्पो होता. जाळीच्या खोक्यांच्या चळती, आत एका दिवसाची पिवळी पिल्लं. टेम्पोवाला खाली उतरून बाटलीतलं पाणी हाताने शिंपडत होता.

"किती वेळ झाला?" कांचनने काच खाली करून विचारलं.

"तासाच्या वर. काय झालंय पुढं, ठाऊक आहे का, ताई? मोठा अपघात असेल."

 तिने आपल्याकडची पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली.

"मघाशी कान बसतील एवढी चिवचिव होती," तो म्हणाला. त्याने एका खोक्याला कान लावला. "ह्यातला आवाज बंद झालाय बघा."

पाळी संपल्यावर कांचन घरी गेली नाही, कक्षात गेली. फर्झाना एकटीच होती. पडद्यावर एक रेघ काढून ती तिच्याकडे पाहत बसली होती.

"या. ही तुमच्या पायाची रेघ," फर्झाना म्हणाली. रेघ सरळ होती, आणि मग एका ठिकाणी भूकंपाच्या कागदावर असते तशी वेडीवाकडी. "एकोणसाठपासून पाय थरथरतोय. काय आहे तिथे, कांचनताई?"

"तिथे काही नाही, मॅडम."

"मग?"

"होतं," कांचन म्हणाली, आणि तिने सांगितलं. बैलगाडीपासून सांगितलं. फक्त एक केलं, सगळीकडे 'मी' म्हटलं. माझी वेस, माझा सासरा, माझा पाय.

फर्झाना खुर्चीत मागे टेकली. मग म्हणाली, "आमच्याकडे पिराच्या वळणावर एसटी हळू व्हायची. मला वाटायचं, वळण आहे म्हणून."

"सगळं बंद करणार का आता?"

"थांबा." ती पडद्याजवळ गेली. "हळू होणं हा दोष नाही. अचानक आणि एकट्याने हळू होणं हा दोष आहे. एकोणसाठपासूनच सगळ्या संथगाड्यांना वेग थोडा थोडा उतरवायला सांगितला, बहात्तर, एकाहत्तर, करत एकसष्टला सदुसष्ट, आणि पुन्हा हळूहळू वर, तर मागच्यांना ब्रेकच लावावा लागणार नाही. सगळा रस्ताच मिळून हळू होईल. लाट उठायला जागाच नाही." तिने बोटांवर हिशोब केला. "प्रत्येक गाडीचे पाच सेकंद जातील."

"पाचच?"

"वरचे लोक एका सेकंदासाठी भांडतात. कारण लिहून द्यावं लागेल. आणि नाव." तिने कांचनकडे रोखून पाहिलं. "एका पायाने अकरा किलोमीटरची कोंडी होते, असं लिहू?"

"तुम्हीच शिकवलंत ना, एका ब्रेकने होते म्हणून."

"ताई, बाकीच्यांच्या गाड्यांत पट्ट्या बसवल्या तर काय दिसेल, ते मला ठाऊक आहे."

"कारण सापडल्यावर कशाला बसवता?" कांचन म्हणाली.  "अडतिसातली एक गेली तर गाव जगेल, मॅडम. माझा पाय लिहा."

फर्झानाने लिहिलं. लिहिताना तिने कांचनकडे पाहिलं नाही. कांचनने खाली सही केली आणि गाडीची किल्ली टेबलावर ठेवली.

चौथ्या दिवसापासून वेग उतरायला लागला. एकसष्टावर लाट उठली नाही. त्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यात नाही. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. कांचन वसाहतीच्या कोपऱ्यावरच्या भाजीच्या दुकानात बसू लागली. कुणी तिला काही बोललं नाही, पण आधी दहा दिवस तिच्याकडून भाजीही घेतली नाही. तिने आपलंही नाव सांगितलं असेल, या भीतीने सगळे तिच्या दुकानावरून मान खाली घालून जात होते. पट्ट्या आल्या नाहीत, कुणालाही बोलावणं आलं नाही, तेव्हा त्यांना कळलं, की तिने एकटीचंच नाव दिलं होतं. मग बायका येऊन नको असलेली भाजीही घेऊन जायला लागल्या.

विलास महिन्याने आला. घरी जेवायलाच बसला. पिठलं-भाकरी होती. 

"वहिनी, एक विचारू?"

"विचार."

"तुझ्या मनाला काही लागलं नाही ना? नोकरीचं?"

"लागायचं काय? गाव राहिलं."

त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून बसला. "आज नाना मला म्हणाले, 'वेस ओलांडताना माझ्याही वतीने पाय उचल, माझं आता तिकडे जाणं होत नाही.' मी हो म्हटलं. गाडीवर बसलो, फेरी मारली, परत आलो." तो थांबला. "आणि परत आल्यावर आठवलं."

"विसरलास?"

"विसरलो नाही. वेस आली ते कळलंच नाही. एकोणसाठपासून वेग उतरतो, पाय हलकाच असतो. उचलायला काही उरतच नाही. मी बाकीच्यांनाही विचारलं. अर्ध्यांना आठवेना, शेवटचा पाय कधी उचलला ते."

कांचनसमोरचा तवा तसाच चुलीवर राहिला. भाकरी करपल्याचा वास आला तरी तिला तो काढायचं सुचेना.

"कौल नाही म्हणाला होता," विलास हळूच म्हणाला. "आपण मग विचारलंच नाही पुन्हा. काही होणार तर नाही ना, वहिनी?"

"महिना झाला. काही झालं का?"

"नाही."

"मग?"

"तेच तर," विलास म्हणाला. "काहीच झालं नाही."

ताट तसंच सोडून तो ओट्यावर जाऊन बसला. कांचनही त्याच्या शेजारी जाऊन बसली. लांबवर रिंगरोड दिसत होता. संध्याकाळच्या हजारो गाड्या एकामागे एक, कुठेही न अडखळता, एका जागी आल्या की किंचित मंदावत होत्या आणि पुन्हा वेग घेत होत्या. का, ते त्यांतल्या कुणालाही ठाऊक नव्हतं.